दोनांवर धरलेलं पाणी

विश्रामबागेत रात्रीचे दोन,
तिकडे साडेपाच.
तेराउची-सान एवढ्या लवकर उठतात
की झोपतच नाहीत,
हे मला चार महिन्यांत कळलेलं नाही.

माझ्याकडे नदी आहे.
कट एकशे बारा ते एकशे एकोणीस,
पुलावर एक मुलगी उभी.
मुलगी त्यांची, हातानं काढलेली.
खालचं पाणी माझं, कॉम्प्युटरचं.

थेंबाथेंबाला वजन दिलं मी,
तळाला उतार, काठाला खरखर, वाऱ्याला दिशा.
तीन रात्री रेंडर. पंखा गिरणीसारखा.
खालच्या आडमुठेकाकूंनी जिन्यात गाठून विचारलं,
"रात्रीचा मिक्सर लावतेस होय गं?"

चौथ्या सकाळी आठ सेकंद पाणी तयार.
इतकं खरं, की मीच खुर्ची मागे घेतली.

उत्तरात पिवळ्या कागदाचा स्कॅन आला.
माझ्या लाटेवर निळ्या पेन्सिलीनं
दुसरी लाट, चारच रेघांची.
खाली भाषांतर करणाऱ्या मुलीचं टिपण:
"पाणी फार बरोबर आहे.
मुलगी त्याच्या शेजारी उभी राहू शकत नाही.
कृपया दोनांवर करा. जमल्यास तीनांवर."

दोनांवर म्हणजे
सेकंदाच्या चोवीस चित्रांतली निम्मी काढून टाकायची
आणि उरलेलं प्रत्येक चित्र
दोन-दोन घरं धरून ठेवायचं.
हातानं काढणाऱ्यांची ही जुनी काटकसर.
बोटं दुखायची, पैसे पुरायचे नाहीत,
तारीख अंगावर यायची,
म्हणून त्यांनी मधलं सोडून दिलं,
आणि बघणाऱ्याचा डोळा ते भरून घ्यायला शिकला.
आता ज्याचं काहीच दुखत नाही
त्या मशीनला मी
दुखऱ्या बोटांची चाल शिकवायची.

राग आला, खोटं कशाला सांगू.
चहा टाकला. भडंगाचा डबा काढला.
फाइल न उघडता बसून राहिले.

मग गावभागातला जिना आठवला.
त्या ऑगस्टात आम्ही सगळे
वरच्या पायऱ्यांवर, एकाखाली एक.
लाइट नाही, मोबाइल मेलेले,
आयर्विन पुलाचा आकडा कुणीतरी
गच्चीवरून गच्चीवर ओरडून पोचवायचं.
भूपालमामाच्या हातात खडू.
पाणी चढताना कुणालाच दिसलं नाही.
दिसायचं ते चढलेलं.
तिसरी पायरी. मामा रेघ मारायचा, शेजारी वेळ लिहायचा.
आम्ही कशावरून तरी भांडायचो,
दूध कुणी सांडलं, टॉर्च कुणी चालू ठेवला,
वळून बघावं तर चौथी.
मामीचं शिलाई मशीन होतं.
मग नव्हतं.
हळदीच्या भिजल्या पोत्यांचा वास आला, तो मात्र सलग होता.

त्या अख्ख्या रात्रीची माझ्याकडे
अकरा चित्रं आहेत. मी मोजली.
मधली कुणी काढलीच नाहीत.

पहाटे फाइल उघडली.
एक ठेवलं, एक उडवलं.
एक ठेवलं, एक उडवलं.
पाणी अडखळायला लागलं,
आणि पुलावरच्या मुलीनं पहिल्यांदा
खाली बघितल्यासारखं वाटलं.
तिच्या रेघेला मी हातही लावला नव्हता.

एका जागी, पाणी खांबाला टेकतं तिथं,
मी तेच चित्र सहा घरं धरलं.
सांगितलं नव्हतं कुणी.

दुपारी विचारणा आली: "इथे सहा का?"
मी लिहिलं, "जिना."
खोडलं.
लिहिलं, "चूक झाली असेल, बदलू का?"
बराच वेळ काही नाही.
तिकडे संध्याकाळ झाली असणार.

मग आलं: "राहू द्या."

खाली काकूंचा मिक्सर सुरू झाला, खरा.
मी कट एकशे तेरा उघडला.